भिलाईतील खासगी कला महाविद्यालय आणि पदवीचा अधिकार

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाईनगर हे पोलाद कारखान्याभोवती वसलेले शहर आहे. भारत व सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांसाठी ‘सेक्टर’ नावाच्या वसाहती उभारण्यात आल्या. अनेक प्रांतांतून आलेल्या या कुटुंबांतील मुलांना पुढे पदवी शिक्षणाचीही गरज भासू लागली. १९६० च्या दशकात सुरू झालेले, सेक्टर ७ मधील कल्याण महाविद्यालय ही गरज भागविणाऱ्या खासगी संस्थांपैकी एक होय. तेथे कला शाखेसोबत विज्ञान व वाणिज्य शाखाही आहेत.

अशा महाविद्यालयाची इमारत, अध्यापक व व्यवस्थापन संस्थेचे असते. पदवी मात्र संलग्न विद्यापीठ देते. दुर्ग जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता आणि या प्रांताचे विद्यापीठ १९२३ साली नागपूर येथे स्थापन झाले. त्यानंतर १९४६ साली सागर येथे आणि १९६४ साली रायपूर येथे रविशंकर विद्यापीठ सुरू झाले. २०१५ साली खुद्द दुर्ग येथे विद्यापीठ स्थापन झाले. आज ते हेमचंद यादव विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

संलग्नतेचे महत्त्व राज्यनिर्मितीनंतर प्रकर्षाने दिसून आले. छत्तीसगडने २००२ साली केलेल्या कायद्याच्या आधारे अल्पावधीत शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे अस्तित्वात आली. त्यांतील अनेकांकडे स्वतःची इमारतही नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी कायद्यातील संबंधित कलमे घटनाबाह्य ठरविली व ही विद्यापीठे संपुष्टात आली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून, त्या विद्यापीठांखालील शिक्षणसंस्था राज्यातील प्रस्थापित विद्यापीठांशी संलग्न करण्यासाठी पावले उचलावीत, असा निर्देशही न्यायालयाने राज्य शासनास दिला.

संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांवर अशी वेळ आली नाही, कारण त्यांची पदवी प्रस्थापित विद्यापीठाची होती. म्हणूनच खासगी महाविद्यालयात प्रवेश घेताना, प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव असेल आणि अभ्यासक्रमाची संलग्नता चालू वर्षासाठी वैध आहे काय, या दोन बाबी विद्यार्थ्यांनी प्रथम तपासून घेणे हिताचे ठरते.