दिपोटीची परीक्षा आणि टकळीचे सूत: लोकल बोर्डाच्या शाळांचा एक पूर्वेतिहास

मुंबई इलाख्यात गावच्या शाळेचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न तुलनेने लवकर मिटला. मात्र त्या खर्चातून मुलांच्या पदरात काय पडले हे कोणी आणि कोणत्या मापाने तपासायचे, हा वाद पुढे शंभर वर्षे चालू राहिला. १८६३ च्या सुमारास सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली. तिला ‘लोकल फंड’ म्हणत, आणि तिचा एक तृतीयांश हिस्सा शाळांसाठी व उरलेला मुख्यतः रस्त्यांसाठी राखून ठेवलेला असे. १८६९ च्या कायद्याने या पट्टीला पक्के अधिष्ठान मिळाले आणि १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्यान्वये जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन होऊन खेड्यातील शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्यविषयक धोरणाचे हे फळ होते, तरी जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टरच बसत असे, आणि शाळा बोर्डाची झाली तरी परीक्षा शिक्षणखात्याचीच राहिली. पट्टी भरणारा कुणबी, इमारत दुरुस्त करणारे बोर्ड आणि मुलांना गुण देणारा सरकारी अधिकारी अशी ही तीन टोकांची व्यवस्था होती. पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ तिच्यातच सापडते.

हा सरकारी अधिकारी म्हणजे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, लोकांच्या तोंडी ‘दिपोटी’. वर्षातून एकदा तो गावी येई किंवा आसपासच्या शाळांची मुले एका मोठ्या गावी गोळा करून त्यांची परीक्षा घेई. परीक्षेचे विषय ठरलेले असत. वाचन, शुद्धलेखन, मोडी व बाळबोध अक्षर, लेखी व तोंडी हिशेब यांना सगळ्यांत अधिक वजन असे, आणि तोंडी हिशेबाचा पाया म्हणजे पाठांतर: साधे पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनपटीची औटकी. बाजारात शेर-पायलीचा आणि आणे-पैचा व्यवहार करणाऱ्या समाजात या अपूर्णांकांच्या पाढ्यांना खरी किंमत होती, त्यामुळे परीक्षेतले हे अंग पालकांनाही समजत असे आणि पटत असे. जुन्या पंतोजीच्या शाळेतून सरकारी शाळेत आलेली ही बहुधा एकमेव गोष्ट होती जिच्याविषयी दिपोटी, मास्तर आणि गावकरी या तिघांचे एकमत असावे. तपासणी संपल्यावर दिपोटी शेरेबुकात आपला अभिप्राय लिही आणि मास्तरची पुढची बढती किंवा बदली त्या चार ओळींवर पुष्कळशी अवलंबून राही.

या तपासणीला पैशाची जोड मिळाली ती ‘निकालानुसार अनुदान’ या पद्धतीमुळे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने रॉबर्ट लो यांनी ती रूढ केली होती. तिचे तत्त्व सोपे होते: शाळेला मिळणारी रक्कम मुलांच्या हजेरीवर आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण झालेल्यांच्या संख्येवर बेतायची. त्याच दशकात मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानासाठी ती स्वीकारली गेली. तिच्यामुळे हिशेब चोख झाला, यात शंका नाही. पण जे मोजता येत नाही ते शिकवण्याचे कारणही तिने काढून घेतले. दिपोटी ज्या विषयात गुण देत नाही त्या विषयावर मास्तरने वेळ घालवावा, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरले असते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते प्रामुख्याने शिक्षणाच्या खालच्या थरातील प्रसाराबद्दल ओळखले जाते. त्यातील तपासणीविषयक भाग मात्र फारसा वाचला जात नाही, आणि ते नवल आहे, कारण शाळा तपासणीवर त्या काळात इतके नेमके बोट दुसऱ्या क्वचितच कोणी ठेवले असेल. दिपोटीच्या वर्षातील एका भेटीने काहीच साधत नाही, शाळा निदान दर तिमाहीस तपासावी, मधूनमधून पूर्वसूचना न देता जावे, आणि जिल्ह्याच्या वा गावच्या इतर अंमलदारांवर या बाबतीत विसंबू नये, कारण त्यांना आपल्या कामातून सवड नसते व त्यांची परीक्षा वरवरची होते, असे त्यांचे म्हणणे होते. लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावा, अशीही मागणी त्यांनी केली. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत, आणि शेतीचा धडा पुस्तकात न राहता मुलांना प्रत्यक्ष शिकता यावा म्हणून शाळेजवळ लहानसे नमुना शेत असावे, हेही त्यांनी सुचवले. तपासणी आणि हाताचे शिक्षण या दोन गोष्टी फुल्यांनी एकाच निवेदनात मांडल्या होत्या. सरकारने त्या पुढे वेगवेगळ्या हातांत दिल्या, आणि हाताच्या शिक्षणाला त्याचा तोटा झाला.

हाताचे शिक्षण, म्हणजे ज्याला त्या काळी ‘औद्योगिक शिक्षण’ म्हणत, त्याचे प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुतारकाम शिकवणारी स्कूल ऑफ इंडस्ट्री चालू होती. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेला लॉर्ड रे यांच्या नावाची कर्मशाळा १८९१ मध्ये जोडली गेली, आणि तिच्याआधी चार वर्षे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले व तेथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय देशी भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला. पण या सगळ्या संस्था शहरातल्या, स्वतंत्र इमारतीच्या आणि स्वतंत्र खर्चाच्या होत्या. लोकल बोर्डाच्या एकशिक्षकी शाळेपर्यंत यातले काही पोहोचले असेल तर ते फार तर चित्रकलेची वही, कारण चित्रकलेला ग्रेड परीक्षा होती आणि परीक्षा असलेल्या विषयाला शाळेत जागा सापडतेच.

खेड्यासाठी खास आखलेला प्रयोग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुणे जिल्ह्यातील लोणी येथे झाला. शेतकऱ्यांच्या मुलांनी मराठी शाळेतील प्राथमिक इयत्ता संपवून येथे राहायला यावे, अर्धा वेळ वर्गात व अर्धा वेळ शेतात घालवावा आणि घरी परत जाऊन सुधारलेली शेती करावी, अशी ही योजना होती. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात या लोणी पद्धतीची तुलना पंजाबातील पद्धतीशी केली. पंजाबात शेती हा सर्वसाधारण शाळेतलाच एक विषय होता आणि आयोगाचा कौल त्या बाजूने पडला. आयोगाचा तर्क समजण्यासारखा आहे: वसतिगृहासह चालणारी स्वतंत्र शाळा महाग पडते आणि ती सोडणाऱ्या मुलापुढे सर्वसाधारण शिक्षणाची वाट बंद होते. यात आणखी एक कारण मिसळलेले होते, ते म्हणजे ‘फायनल’. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळण्याची आशा असे. नांगर धरायला मुलाला शाळेत कशाला पाठवायचे, तो तर घरीच शिकतो, हा शेतकऱ्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. शाळेकडून त्याला नांगराच्या पलीकडचे काही हवे होते.

दरम्यान सत्तेचा लंबक बोर्डांकडे झुकला. विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली होती. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी त्याच सुमारास सक्तीचा व मोफत शिक्षणाचा हुकूम अमलात आणून मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पुढे द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. त्या खात्याचे पहिले मंत्री, केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला. जिल्हा बोर्डे आणि मोठ्या नगरपालिका यांनी आपापले ‘स्कूल बोर्ड’, म्हणजे केवळ शाळांचा कारभार पाहणारे मंडळ, नेमावे आणि त्याचे काम प्रशासन अधिकाऱ्याने चालवावे, अशी त्यात तरतूद होती. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या आता स्थानिक पुढाऱ्यांच्या हाती आल्या. बदली हे हत्यार आहे आणि प्राथमिक शिक्षक हा गावातला निवडणुकीच्या कामाचा माणूस आहे, हे दोन शोध लागायला वेळ लागला नाही. या काळातील तक्रारी वाचल्या तर स्कूल बोर्डांच्या बैठकांत मुलांच्या प्रगतीपेक्षा मास्तरांच्या बदल्यांवर अधिक वेळ गेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

मापनाची भाषा बदलली ती १९२९ च्या हार्टॉग समितीमुळे. तोवर प्रगती म्हणजे परीक्षेत बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, एवढेच पाहिले जाई. परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. समितीने दोन संकल्पना पुढे आणल्या, ज्या मराठीत ‘गळती’ व ‘स्थगिती’ म्हणून रुळल्या. प्राथमिक शिक्षण पुरे होण्याआधीच मूल शाळा सोडते ती गळती, आणि एकाच इयत्तेत ते एकाहून अधिक वर्षे अडकून पडते ती स्थगिती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे तीन वर्षांनी चौथीत केवळ १८ मुले होती, हा समितीचा आकडा पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिला. शाळा उघडल्याची संख्या सांगून समाधान मानणाऱ्या बोर्डांना तो अडचणीचा होता, आणि नेमक्या त्याच आकड्याच्या आधारे समितीने अधिकारांची वाटणी फार पुढे गेल्याचा निष्कर्ष काढून सरकारी तपासणी बळकट करण्याची शिफारस केली. हा निष्कर्ष पूर्णतः न्याय्य नव्हता. गळती बोर्डांच्या आधीपासून होती. पेरणी-कापणीच्या दिवसांत मूल घरी ठेवणाऱ्या कुटुंबाची गरिबी कोणत्याही इन्स्पेक्टरच्या आवाक्याबाहेरची होती. तरी १९३८ मध्ये बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने कायदा दुरुस्त करून तपासणी आणि प्रशासन अधिकारी हे दोन्ही सरकारकडे घेतले आणि १९४७ च्या नव्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांना त्याच चौकटीत बसवले.

ज्या वर्षी खेर सत्तेवर आले त्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेतून झाकीर हुसेन समितीचा मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा निघाला. सर्व विषय एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या अनुषंगाने शिकवायचे आणि मुलांच्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा, ही त्यातील कल्पना होती. तिच्यावर सर्वांत मार्मिक टीका अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी केली: शाळेत फुकट तयार झालेला माल बाजारात आला तर तो पोट भरणाऱ्या कारागिराच्याच मुळावर येईल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय गोष्ट अशी, की हाताच्या कामाला या योजनेत पहिल्यांदाच दिपोटीला समजेल असे माप मिळाले. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी, अशा हिशेबाने टकळीवर कातलेले सूत मोजता येई. तासाला किती तार निघाले यावरून गती, आणि सूत किती सारखे व मजबूत यावरून कस ठरे. परंतु माप मिळाले आणि त्याबरोबर निकालानुसार अनुदानातला जुना रोगही आला. अनेक शाळांत तार मोजले गेले. कापूस कोठून येतो, त्याचा भाव कोण ठरवतो, सुताला पीळ का बसतो, हे प्रश्न मात्र मागे पडले, आणि मूळ योजनेत शिक्षण म्हणतात ते याच प्रश्नांत होते. स्वातंत्र्यानंतर अशा शाळांना ‘जीवन शिक्षण मंदिर’ हे नाव मिळाले. ते अनेक पाट्यांवर टकळ्या अडगळीत गेल्यानंतरही कितीतरी वर्षे टिकले.

त्याच काळात एका वेगळ्या प्रकारची तपासणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केली. धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयीच्या दोन पाहण्यांचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा सोडून काही वर्षे लोटल्यावर माणसाला वाचता-लिहिता येते का, असा प्रश्न त्यांत विचारला गेला. साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाने दिपोटीच्या परीक्षेची मर्यादा उघडी केली, कारण ती परीक्षा मूल वर्गात असतानाच्या एका दिवसापुरती होती.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, स्कूल बोर्डे विसर्जित झाली आणि शाळा शिक्षण समितीकडे गेल्या. दिपोटीच्या जागी विस्तार अधिकारी आला, आणि नव्वदच्या दशकात त्याच्या खाली केंद्रप्रमुख. शहरांतील नगरपालिका शिक्षण मंडळे मात्र आणखी अर्धशतक टिकून होती. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीनंतर हस्तोद्योगाचे नाव ‘कार्यानुभव’ झाले आणि त्याला गुणांऐवजी श्रेणी मिळू लागली. श्रेणी सर्वांनाच बरी मिळते हे मुलांनाही ठाऊक असल्याने या विषयाचा तास इतर विषयांनी हळूहळू खाऊन टाकला. याला ठळक अपवाद डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाचा. तेथे वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, शेती आणि पशुपालन ही कामे मुलांनी गावाच्या प्रत्यक्ष गरजेपोटी करायची असतात, म्हणून केलेले काम चालते की नाही हे काम करवून घेणारा ग्राहकच सांगतो. पुढे माध्यमिक शाळांतही आश्रमाचा हा विषय शिरला, तरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या.

त्या शाळांच्या वाट्याला तंत्रज्ञान आले ते संगणकाच्या रूपाने. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये काही निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पाठवून सुरुवात केली होती. प्राथमिक शाळांपर्यंत पडदा आणि प्रोजेक्टर पोहोचायला आणखी तीन दशके लागली, आणि पोहोचले ते बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणीतून. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात मूलभूत वाचन व गणन क्षमतांच्या चाचण्या आणि शाळा डिजिटल करणे या दोन्ही गोष्टींचा आढावा एकाच बैठकीत घेतला जाऊ लागला. पण पहिल्या गोष्टीचे उत्तर मुलागणिक द्यावे लागे आणि दुसऱ्या गोष्टीचे शाळागणिक, त्यामुळे पडद्यामुळे वाचन सुधारले का, हा मधला प्रश्न दोन्ही तक्त्यांत बसत नसे. शिवाय विजेचा प्रश्न होता. खडू, झाडू, रजिस्टर अशा किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणारे ‘सादिल’ अनुदान अपुरे आणि उशिरा येणारे असल्याने बिले थकली, जोडण्या तोडल्या गेल्या, आणि ते बिल ग्रामपंचायतीने भरायचे, जिल्हा परिषदेने की सरकारने, यावर तिघांचा पत्रव्यवहार सुरू झाला.