खपलीखालची वाट

मैदानात पडून गुडघा फोडून आलेल्या मुलाला आपण काय सांगतो? "उघडं ठेव, वारा लागू दे, वाळलं की बरं होईल." खपली धरली की जखम सुधारली, असे आपण मानतो.

डॉक्टरही बराच काळ असेच मानत. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचा वापर मांडला आणि जंतूंना रोखणे हे पट्टीचे काम ठरले. १८८० मध्ये सॅम्सन गॅमजी यांनी कापसाची, स्राव टिपणारी पट्टी सुचवली. पट्टी म्हणजे झाकण आणि टिपकागद. जखम कोरडी राहिली म्हणजे झाले!

या समजुतीला १९६२ मध्ये धक्का बसला. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली! असे का व्हावे? नव्या पेशी कडेने आणि केसांच्या मुळांपासून सरकत जखम झाकतात. वर कडक खपली असली, की त्यांना तिच्याखालून, ओलाव्यातून वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावर त्या सहज सरकतात. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेवरही हेच दिसले.

मग ओलावा राखणाऱ्या पट्ट्या आल्या; पण त्या महाग. मुंबईतील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर निर्जंतुक केलेले केळीचे पान वापरून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेणचट पान जखमेला चिकटत नाही. त्यामुळे पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही.

मधुमेह्याच्या पायाची जखम मात्र महिनोन्‌महिने भरत नाही. संवेदना गेलेली असल्याने ती चिघळली तरी कळत नाही. प्रसंगी पाय गमवावा लागतो. रुग्णाला जे कळत नाही, ते पट्टीलाच कळले तर? २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जखमेचे तापमान आणि विद्युतरोध मोजून सौम्य विद्युतप्रवाह देणारी पट्टी जाहीर केली. उंदरांच्या जखमा तिने सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. झाकण आता पहारेकरी होऊ पाहत आहे.

तेव्हा यापुढे खरचटलेला गुडघा स्वच्छ पाण्याने धुऊन झाकू या. आणि पट्टी बांधताना वर्गाला विचारू या, खपलीखाली काय चालले असेल?