सिडनीच्या शाळेतील जपानी वर्णमाला

इ. स. १९१७ मध्ये जेम्स मर्डॉक या स्कॉटिश इतिहासकाराची जपानी भाषेचे अध्यापक म्हणून ऑस्ट्रेलियात नेमणूक झाली. त्यांनी अनेक वर्षे जपानात अध्यापन केले होते. पुढे विख्यात झालेले कादंबरीकार नात्सुमे सोसेकी हे त्यांचेच विद्यार्थी. या नेमणुकीमागे विद्याप्रेमापेक्षा संरक्षण खात्याची चिंता अधिक होती. १९०५ मध्ये रशियाला नमविणाऱ्या जपानची धास्ती ऑस्ट्रेलियाने घेतली होती. मर्डॉक डंट्रूनच्या लष्करी महाविद्यालयात व सिडनी विद्यापीठात शिकवीत. त्यांनी जपानहून शिक्षक आणविले आणि त्याच सुमारास सिडनीच्या फोर्ट स्ट्रीट या माध्यमिक शाळेतही जपानीचे वर्ग सुरू झाले. 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाने आशियाई माणसास दार बंद केलेल्या देशात हे घडत होते. जन्मावरून माणसाला अटकाव करणाऱ्या व्यवस्थेची आपल्या वाचकांना निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही.

या व्यवस्थेत भाषा हवी होती, माणूस नको होता. मेलबर्न विद्यापीठात जपानी शिकविणाऱ्या मोशी इनागाकी यांना १९४१ मध्ये युद्ध भडकताच स्थानबद्ध करण्यात आले.

युद्धानंतर जपान हा ऑस्ट्रेलियन मालाचा मोठा ग्राहक झाला आणि धास्तीची जागा व्यापाराने घेतली. १९९४ च्या राष्ट्रीय योजनेत जपानी, चिनी, इंडोनेशियन व कोरियन या चार आशियाई भाषांना शाळांतून अग्रक्रम मिळाला; २००२ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. तथापि २०१८ च्या जपान फाउंडेशनच्या पाहणीत ऑस्ट्रेलियातील जपानी शिकणाऱ्यांची संख्या चार लाखांवर होती व त्यांत शाळकरी मुलेच बहुसंख्य होती.

आमचे कुतूहल मात्र या मुलांच्या पहिल्या धड्यापाशी थांबते. जपानी अक्षरांचे प्रचलित कोष्टक अ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होते. मग क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळी येतात. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे, हे मराठी वाचकास सहज उमगेल. चीनमार्गे जपानात पोहोचलेल्या बौद्ध भिक्षूंनी व तेथील त्यांच्या शिष्यांनी मंत्र व धारणी यांच्या शुद्ध उच्चारासाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून तो रुजला. कोष्टकाचे सर्वांत जुने ज्ञात रूप आढळते तेही अकराव्या शतकारंभीच्या, 'महामायूरी' सूत्राच्या उच्चारांविषयीच्या टीकेत. तेथे क्रम अद्याप स्थिर झालेला नाही, एवढेच.

'च' च्या जागी 'स' आणि 'प' च्या जागी 'ह' कसा, असा प्रश्न कोणी विचारील. प्राचीन जपानीत 'ह' च्या ओळीचा उच्चार 'प' असा होता, आणि 'स' ची ओळही पूर्वी 'च' ला जवळच्या ध्वनीने उच्चारली जात असावी, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. उच्चार पालटले, परंतु भिक्षूंनी ठरवून दिलेली जागा तशीच राहिली. टवर्ग तेवढा नाही. जपानी जिभेला ट आणि त असा भेद करावा लागत नाही.