सिल्वासाची जन्मतारीख

२०१४ सालची गोष्ट. एक गृहस्थ शाळेत आले आणि म्हणाले, ‘गुरुजी, माझी तारीख चुकली आहे, ती दुरुस्त करून द्या.’ जनरल रजिस्टर काढून पाहिले. जन्मतारीख होती १ जून १९५६. आई काय सांगायची, असे विचारले. ते म्हणाले, ‘आवणी चालली होती, श्रावणी सोमवार होता, आणि त्याच रात्री फिरंगी पळाले.’

आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसे इतकी कशी, याचे उत्तर वाचकांना ठाऊक असेलच. शाळा जूनमध्ये सुरू होई. मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की गुरुजी त्याला सहा वर्षांचा समजत आणि त्या बेताने १ जून लिहून मोकळे होत. मूल किरकोळ असले की त्याचे वय दोन वर्षांनी कमी होई. नोकरदाराच्या ते पथ्यावर पडे. मजुराला मात्र साठीनंतरची पेन्शन दोन वर्षे उशिरा मिळे.

आता आईच्या शब्दांचा हिशोब करू. नगर हवेली आणि दादरा अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली. दादरा १९५४ च्या जुलैत मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या दिवशी वार होता सोमवार. त्या वर्षीचा श्रावण जुलैच्या अखेरीस लागला होता, म्हणजे तो पहिलाच श्रावणी सोमवार. निरक्षर बाईने सांगितलेल्या तिन्ही खुणा एकाच दिवशी जुळतात!

तिथी आणि तारीख यांची गंमत याच लढ्यातल्या दोघांच्या वयात दिसते. सुधीर फडके यांचा जन्म २५ जुलै १९१९ चा. सिल्वासा मुक्त झाले तेव्हा ते ३५ वर्षे ८ दिवसांचे होते. बाबासाहेब पुरंदरे जन्मले २९ जुलै १९२२ रोजी, नागपंचमीला. तारखेने पाहिले तर त्या दिवशी त्यांना ३२ वर्षे पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. तिथीने पाहिले तर नागपंचमी अजून एक-दोन दिवसांवर होती, म्हणजे बत्तिसावे वर्ष सरायचेच होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, अधिक मासाने ते पुन्हा जागेवर येते. म्हणून ही ओढाताण. २०२१ च्या नागपंचमीला, १३ ऑगस्टला, त्यांना शंभरावे वर्ष लागल्याचा सोहळा झाला. १५ नोव्हेंबरला ते गेले तेव्हा पूर्ण झालेली वर्षे ९९ च होती. ‘लागले’ आणि ‘झाले’ यांत आपण नेहमी घोळ घालतो.

आमच्या प्रदेशात जन्मतारखेला आणखी एक वजन आहे. २ ऑगस्ट १९५४ पासून ११ ऑगस्ट १९६१ पर्यंत, म्हणजे ७ वर्षे ९ दिवस, येथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार होता. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला होता. त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. पुढे भारतात विलीन होण्याच्या करारावर सही करायला या चिमुकल्या मुलखाचा प्रमुख हवा, म्हणून बदलानी या भारतीय सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आले. मग त्या सात वर्षांत जन्मलेले मूल कोणत्या देशाचे? १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने याचे उत्तर दिले. ११ ऑगस्ट १९६१ पूर्वी जो स्वतः येथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी येथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक मानला गेला. आजीच्या जन्माचे एवढे मोल फार थोड्या मुलखांत असेल.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा झाला आहे. त्यामुळे गुरुजींची लेखणी आता त्यात येत नाही. बरेच झाले.

त्या गृहस्थांना मी कागदावर सारा हिशोब मांडून दाखवला. शाळा सोडून गेलेल्याची नोंद मुख्याध्यापकाला स्वतःच्या अखत्यारीत बदलता येत नाही, हेही सांगावे लागले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारले, ‘म्हणजे सोमवारच होता ना?’ मी म्हटले, ‘सोमवारच.’ रजिस्टरात १ जून १९५६ अजून तशीच आहे.