फूल, शंकू आणि काचेची वाटी

सुरतेतील जुन्या मराठी घरांत आमच्या लहानपणी एखादी तरी आत्या वा मावशी अशी असे, की जिच्या एका डोळ्यात ‘फूल’ पडलेले असावे. देवीच्या साथीची ती खूण. बालवयात आम्हांस तो शब्द गोड वाटे. बुबुळावरील पारदर्शक पडदा, ज्यास शास्त्रीय परिभाषेत पारपटल म्हणतात, तो व्रणाने पांढरा आणि खडबडीत होतो, हे फार उशिरा कळले. देशातून देवी १९७५ साली हटल्या; फुले मात्र त्या त्या डोळ्यांबरोबर पुढे कित्येक वर्षे राहिली.

अशा डोळ्यांस चष्मा का चालत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. चष्म्याची काच डोळ्यापासून दूर असते आणि ती सरळ, सुबक वक्रतेचा दोष भरून काढते. पृष्ठभागच वेडावाकडा असेल, तर प्रकाश दहा दिशांना फाकतो. उपाय एकच उरतो: त्या पृष्ठभागावर दुसरा गुळगुळीत पृष्ठभाग बसवावयाचा आणि मधली पोकळी द्रवाने भरावयाची. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडली होती. ती प्रत्यक्षात उतरावयास १८८८ साल उजाडले.

त्या वर्षी झुरिच येथे अडॉल्फ फिक याने फुंकलेल्या काचेच्या वाट्या आधी सशांच्या, मग स्वतःच्या व नंतर रोग्यांच्या डोळ्यांवर बसविल्या. वाटीत त्याने द्राक्षशर्करेचे पाणी भरले. सुमारे दोन तासांपलीकडे त्या सोसत नसत. त्याच वर्षी पॅरिसमध्ये यूजीन काल्ट याने शंकूसारख्या पुढे आलेल्या पारपटलावर काच बसवून पाहिली. पुढच्या वर्षी कील येथील ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपल्या तीव्र ऱ्हस्वदृष्टीसाठी अशाच भिंगांवर प्रबंध लिहिला; डोळा कोकेनने बधिर करूनही त्यास ती अर्धा तासच सहन झाली. पुढे तो अस्थिव्यंगांच्या चिकित्सेकडे वळला, यात आम्हांस नवल वाटत नाही!

म्हणजे आज जी वस्तू तरुण मुली हौसेने, रंग निवडून वापरतात, तिचा जन्म हौसेतून झाला नाही. चष्मा ज्यांना उपयोगी नाही, अशा अडलेल्या डोळ्यांसाठी ती जन्मली. मऊ लेन्सचा बोलबाला १९६१ नंतरचा. प्राग येथील ओटो विख्टरले याने मुलांच्या खेळण्यातील यांत्रिक संच जोडून, घरच्या मेजावर ती ओतली होती. परंतु मऊ लेन्स पारपटलाचाच आकार घेते. पारपटल वाकडे, तर तीही वाकडी. अडलेल्या डोळ्यास कडक भिंगच हवे.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. १९७९ साली महाविद्यालयात असताना आम्हांस फळ्यावरील एका अक्षराची तीन अक्षरे दिसू लागली आणि चंद्राला शेपट्या फुटल्या. मुंबईस तपासणी झाली, निदान केरॅटोकोनस, म्हणजे पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे. वडिलांनी ‘अभ्यासाचा कंटाळा’ हे आपले निदान तेव्हा मागे घेतले. लेन्स मिळाली ती कडक प्लास्टिकची. तिच्यातून प्राणवायू जात नसे. एका दुकानदाराने ती बेताची सपाट बसविली. शंकूच्या टोकावर ती वर्षभर घासत राहिली आणि आमच्याही उजव्या डोळ्यात बारीकसे फूल पडले. आत्येने ते पाहून कपाळास हात लावला. देवीशिवायही फूल पडते, हे तिला पटवून देणे आम्हांस अखेरपर्यंत जमले नाही.

हा विकार विरळा आहे असे आम्ही समजत होतो. नागपूरच्या परिसरातील खेड्यांत तीस वर्षांवरील सुमारे ४,६०० लोकांची जी नेत्रतपासणी झाली, तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला: शेकडा २.३ जणांत शंकूची लक्षणे. अमेरिकेतील मिनेसोटा येथील जुन्या पाहणीत हेच प्रमाण लाखात ५४ होते. मोजण्याच्या कसोट्या निराळ्या असल्याने दोहोंची थेट तुलना करू नये, आणि नागपूरची कसोटी सैल होती असा आक्षेपही आहे. तथापि आपल्याकडील ऊन, धूळ आणि डोळे चोळण्याची सवय पाहता, हा रोग आपल्या घरांत जितका ओळखला जातो त्याहून अधिक असावा, असे आमचे मत आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापी सुरतेत शिरली. आमची नेमणूक मदतकार्यावर होती. घरात पाणी चढले, लेन्सचे द्रावण वाहून गेले. नळाच्या पाण्याने लेन्स धुणे म्हणजे अकँथामीबा या सूक्ष्म जीवास आमंत्रण. त्याने डोळा जातो. मग लेन्स डबीत राहिली. तीन दिवस आम्ही याद्यांवर सह्या केल्या त्या एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या वाचनावर विश्वास ठेवून. त्याने एकही नाव चुकविले नाही, हे पुढे पडताळणीत दिसले.

आता आमच्या डोळ्यांवर स्क्लेरल लेन्स आहे. ती पारपटलाला स्पर्शच करीत नाही. शंकूवरून कमान टाकून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. आकाराने ती फिकच्या वाटीचीच वंशज. फरक इतकाच की, पदार्थ प्राणवायू जाऊ देणारा. अशा पदार्थाची स्क्लेरल लेन्स १९८३ साली ऑस्ट्रेलियात डोनाल्ड इझिकेल याने मांडली. बॉस्टन येथे पेरी रोझेंथाल याने ती रुजविली आणि पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत व चेन्नईच्या शंकर नेत्रालयातही या जातीची भिंगे बसविली जाऊ लागली. अश्रू आटलेल्या डोळ्यांनाही ती दिलासा देते, कारण आतले पाणी दिवसभर पारपटलाला ओले ठेवते. भिंग कापावयास यंत्रावर हिऱ्याचे टोक लागते, हे वाचून हिऱ्यांस पैलू पाडणाऱ्या सुरतेचा रहिवासी म्हणून आम्हांस उगाच अभिमान वाटला.

रोज सकाळी मान खाली घालून, आरशासमोर नव्हे तर आरशावर ओणवे होऊन, औषधविरहित क्षारजलाने काठोकाठ भरलेली ती वाटी डोळ्याशी न्यावी लागते. एक बुडबुडा राहिला तरी सारे पुन्हा. नात शेजारी उभी राहून मोजत असते. कालचा आकडा चार होता.