वऱ्हाडी भजन आणि कृत्रिम अनुरणनाची निवड

ध्वनिमुद्रणास अनुरणन देण्याची 'कॉन्व्होल्यूशन' पद्धती वस्तुतः इतिहासाचे एक साधनच होय. एखाद्या वास्तूत पिस्तुलाचा बार काढून तेथील भिंतींनी दिलेले उत्तर मुद्रित करावयाचे; त्या उत्तराशी कोरड्या गायनाचा गणिती संयोग केला की गायन तेथेच झाल्याचा भास होतो. सोनी कंपनीचे १९९९ मधील यंत्र व पाठोपाठ २००१ मध्ये आलेले 'आल्टिव्हर्ब' हे प्लगइन यांनी ही पद्धती रूढ केली. तथापि अशा प्लगइनांच्या संग्रहांत भरणा मुख्यतः पाश्चात्त्य चर्चांचा व संगीतगृहांचा.

अमरावती-अकोल्याकडील भजने मुद्रित करणाऱ्यापुढे म्हणूनच खरा प्रश्न उभा राहतो तो स्थळाचा. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरीभजने उघड्या मैदानांत, मोठ्या समुदायापुढे होत. त्या परंपरेतील गायनास चर्चचे चार-पाच सेकंदांचे अनुरणन दिल्यास खंजिरीचा एक ठोका दुसऱ्यात बुडतो आणि शब्दही अस्पष्ट होतात. भजनात तर शब्दच प्रमाण! नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचा (१४८७) निनाद घेण्याचा मोह होईल. पण तो किल्ल्याचा निनाद, भजनाचा नव्हे. तेव्हा स्वतः मुद्रित केलेले उत्तर स्वीकारणारे व त्याचे शेपूट आखूड करू देणारे प्लगइन निवडावे, आणि गावातील देवळाच्या लहानशा सभामंडपात तो बार काढावा.