हलकी गाडी, चपळ गाडी

इंजिनाला हात न लावताही मोटार चपळ करता येते. तिचे वजन उतरवावे लागते. कमाल वेगात फारसा फरक पडत नाही, मात्र गाडी वेग लवकर घेते आणि ब्रेकवरील भारही घटतो.

पोर्शे कंपनीने १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या '९११ कॅरेरा आरएस २.७' या गाडीच्या 'स्पोर्ट' आवृत्तीत मागची आसने, गालिचे, डॅशबोर्डवरील घड्याळही (त्याचे वजन ते किती!) वगळले होते. दार ओढण्यास केवळ पट्टा होता, काचाही पातळ होत्या. परिणामी २१० अश्वशक्तीचे तेच इंजिन असलेल्या 'टूरिंग'पेक्षा ती सुमारे १०० किलोंनी हलकी भरली. पण गालिचा गेला की इंजिनाचा आवाज थेट कानी येतो. एकूण १५८० गाड्यांपैकी सुमारे १३०० ग्राहकांनी 'टूरिंग'च पसंत केली. 'स्पोर्ट' घेणारे होते अवघे २००.